क्लिनिकमध्ये ज्युनियरला हाताशी धरताना: डेंटलच्या सीनियर विद्यार्थ्यांसाठी

बीडीएसच्या पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थ्याचा हात प्लास्टरच्या मॉडेलवर आणि फँटम हेडवर, म्हणजे सरावासाठीच्या कृत्रिम डोक्यावर, बसतो. फँटम हेडला लाळ सुटत नाही, त्याची जीभ मध्ये येत नाही आणि त्याला उलटीची भावनाही होत नाही. तिसऱ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे विभागात खऱ्या रुग्णांवर काम, लागलं की या तिन्ही गोष्टी एकदम समोर येतात. एका हॉलमध्ये पंधरा-वीस चेअर आणि स्टाफ दोन किंवा तीन, अशा ठिकाणी ज्युनियर शेजारच्या चेअरवरच्या इंटर्नलाच विचारतो. विचारणं आपोआप होतं. शिकवणं मात्र ठरवून करावं लागतं, नाहीतर सीनियरच्या हाताला लागलेल्या सवयी, चांगल्या आणि वाईट, जशाच्या तशा पुढच्या बॅचमध्ये उतरतात.

हद्द आधीच स्पष्ट असावी. उपचाराचा निर्णय, केस शीटवरची सही, औषधाची चिठ्ठी आणि कोणतीही गुंतागुंत हे सगळं स्टाफचं काम. सीनियर शिकवतो ते हात कसा ठेवायचा, कुठे बसायचं, काय विचारायचं आणि कधी थांबायचं. रुग्ण विद्यार्थ्याच्या हातून उपचार करून घ्यायला तयार आहे ना, हे स्टाफने विचारलेलं असलं तरी चेअरवर बसल्यावर पुन्हा एकदा विचारा: "मावशी, हे डॉक्टर शिकताहेत, मी शेजारीच आहे, मोठे सरही येऊन बघतील. चालेल ना?" नाही म्हणाल्या तर विषय संपला. मनधरणी करू नका.

जोडी कशी लावायची

एका सीनियरकडे दोनच ज्युनियर द्या. एक काम करतो, दुसरा सक्शन आणि ट्रे सांभाळतो, पुढच्या रुग्णाला अदलाबदल. तीन झाले की तिसरा मोबाईल काढतो. सीनियर आणि त्याचे दोन ज्युनियर, या तिघांचंही पोस्टिंग एकाच विभागात आणि एकाच काळात असलं पाहिजे. कॅन्टीनमध्ये दिलेला सल्ला चेअरवर आठवत नाही.

इंटर्न की फायनल इयर? केस हिस्टरी, स्केलिंग (दातांवरचा दगड काढणं), इम्प्रेशन (दातांचा छाप घेणं) या गोष्टी फायनल इयरचा विद्यार्थी जास्त चांगल्या शिकवतो असं आमचं मत आहे. आपण नेमकं कुठे अडलो होतो हे त्याला अजून आठवतं. इंटर्नचा हात इतका सरावलेला असतो की तो मधल्या दोन पायऱ्या सांगायलाच विसरतो. भूल आणि एक्स्ट्रॅक्शन (दात काढणं) यांसाठी मात्र इंटर्नच हवा, कारण तिथे बिघडलेलं वेळेत ओळखावं लागतं.

सीनियरचं जर्नल लिहिणं, आकृत्या काढणं, त्याच्या ठरलेल्या केसेसच्या कोट्यासाठी रुग्ण शोधून आणणं ही ज्युनियरची कामं नाहीत. एका विद्यार्थ्याला दिलेलं अभ्यासाचं काम दुसऱ्याकडून करून घेणं यूजीसीच्या २००९ च्या नियमांत रॅगिंगमध्येच मोडतं, आणि महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. जोडी लावतानाच हे दोघांसमोर मोठ्याने सांगून टाकावं. नंतर सांगायला गेलं की ते आरोपासारखं वाटतं.

पहिला दिवस रुग्णाशिवाय

पहिल्या दिवशी ओपीडी सुरू होण्याआधी अर्धा तास या. ज्युनियरला आधी चेअरवर झोपवा आणि त्याच्या तोंडात तुम्ही मिरर घालून तपासा. लाइट डोळ्यांवर आला की कसं वाटतं, मिररची कड हिरडीवर दाबली की किती दुखतं, हे त्याला स्वतःला कळू द्या. मग जागा बदला.

स्टूलवर मांड्या जमिनीला समांतर, पाय सपाट टेकलेले. रुग्णाचं तोंड आपल्या कोपराच्या उंचीवर. नवा विद्यार्थी नेहमी चेअर उंच ठेवतो आणि खांदे वर उचलून काम करतो. पंधरा मिनिटांत मान आखडते आणि मग बोटं थरथरतात. बोटं थरथरताना दिसली की धीर देण्याआधी चेअर खाली घ्या. वरच्या दातांसाठी रुग्ण जवळजवळ आडवा आणि हनुवटी वर. खालच्या दातांसाठी पाठ थोडी उभी आणि हनुवटी खाली. रुग्णाचं डोकं म्हणजे घड्याळ, कपाळाकडे बारा, असं धरून उजव्या हाताने काम करणाऱ्याने आठपासून बारापर्यंत फिरायचं असतं. ज्युनियर नऊवर खिळून बसतो आणि स्वतःची कंबर वाकवतो. त्याला सांगा, रुग्णाला मान वळवायला सांगायची, स्टूल सरकवायचं, कंबर वाकवायची नाही. डावखुरा ज्युनियर असेल तर सगळं आरशातल्यासारखं उलटं, आणि त्याला डावखुऱ्यांसाठी फिरवता येणारं युनिट कुठलं हे आधी शोधून द्या.

त्याच अर्ध्या तासात कचऱ्याचे डबे दाखवा. रक्ताचा कापूस, गॉज आणि काढलेला दात पिवळ्यात. सुईशिवायची सिरिंज, ग्लोव्हज आणि सक्शन टिप लाल रंगात. सुई आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काच निळ्यात. अमाल्गम (पाऱ्याचं मिश्रण) भरलेला दात जाळायच्या पिवळ्या पिशवीत जाता कामा नये, कारण पाऱ्याची वाफ होते. तो वेगळा ठेवून विभागात विचारा. एअरोटर (दात कोरायचं यंत्र) आणि स्केलरची पाण्याची लाइन सकाळी पहिल्यांदा दोन मिनिटं आणि प्रत्येक रुग्णानंतर वीस-तीस सेकंद सोडून द्यायची. हे काम पहिल्या दिवशी ज्युनियरच्या हातून करून घेतलं तर पुढे सांगावं लागत नाही.

केस हिस्टरी: प्रश्न कसा विचारायचा

थर्ड इयरचा विद्यार्थी छापील फॉर्म वरून खाली वाचत जातो आणि रुग्ण पाऊण तास बसतो. उलट करा. आधी धोक्याचे प्रश्न विचारायचे, बाकीचं सावकाश. शुगर आहे का, आज गोळी घेतली का आणि नाश्ता केला का (गोळी घेऊन उपाशीपोटी आलेला रुग्ण चेअरवर घामाघूम होतो). रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का; "हृदयाची छोटी गोळी" म्हणाले तर पाकीट बघायला मागा. पूर्वी दात काढल्यावर रक्त थांबायला त्रास झाला होता का. कशाची ॲलर्जी आहे का. स्त्री रुग्ण असेल तर दिवस गेले आहेत का. रक्तदाब मोजायचाच. १६०/१०० च्या वर आला तर पाच-दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा, आणि तरीही वर असेल तर स्टाफला सांगा. पुढे काय करायचं ते स्टाफ ठरवतील.

तंबाखूचा प्रश्न हमखास चुकतो. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की मिश्री लावणाऱ्या आजी ठामपणे नाही म्हणतात, आणि ते खोटं नसतं. त्यांच्या लेखी मिश्री दात घासायची आहे, खायची नाही. म्हणून विचारायचं, "दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा लावता?" विदर्भात खर्रा, इतरत्र गुटखा, मावा, सुपारी ही नावं घेऊनच विचारा आणि तोंडात कुठल्या बाजूला ठेवतात तेही विचारा, मग नेमकी तीच जागा आधी तपासा. तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजून लिहायला लावा. वरच्या आणि खालच्या पटाशीच्या कडांमधलं अंतर ३५ मिमीपेक्षा कमी असेल तर गालाच्या आतल्या बाजूला पांढुरके, ताठ पट्टे हाताला लागतात का ते बघून स्टाफला दाखवायचं. असा रुग्ण "फक्त क्लीनिंगला आलोय" म्हणत असतो आणि ज्युनियर तेवढंच लिहितो.

एक कौशल्य, चार फेऱ्या

कोणतंही हातचं काम शिकवताना चार फेऱ्या करा. पहिल्या फेरीत तुम्ही नेहमीच्या वेगाने, न बोलता करून दाखवायचं. दुसऱ्यात तेच सावकाश, प्रत्येक हालचाल सांगत. तिसऱ्यात ज्युनियर सांगणार आणि तुम्ही फक्त तो सांगेल तेवढंच करणार. चौथ्यात तो सांगत सांगत स्वतः करणार. वैद्यकीय शिक्षणात ही पेटन यांची पद्धत म्हणून ओळखली जाते.

घाईत लोक तिसरी फेरी गाळतात, आणि खरी तीच कामाची आहे. ज्युनियर म्हणाला, "आता स्केलर लावायचा", तर लावू नका. विचारा, कुठे टेकवू, कोणत्या कोनात, दुसरं बोट कुठे? उत्तर आलं नाही की त्याच्या डोक्यात काय राहिलं नाही ते तिथेच कळतं, आणि रुग्णाच्या हिरडीला काही होण्याआधी कळतं. दुसरी आणि तिसरी फेरी मॉडेलवर किंवा एकमेकांवर करा. रुग्णाला चेअरवर झोपवून त्याच्या वरून व्याख्यान देऊ नये.

स्केलिंगपासून सुरुवात करा. बिघडलं तरी दुरुस्त होतं आणि बोट टेकवायची सवय याच कामात लागते. अनामिका त्याच जबड्याच्या दातावर, शक्यतो कामाच्या दाताला लागून, घट्ट टेकलेली. गालावर किंवा हनुवटीवर टेकवलेलं बोट रुग्ण हलला की घसरतं. अल्ट्रासॉनिक स्केलरच्या टिपेची बाजू दाताला लावायची, टोक कधीच नाही, आणि दाताशी कोन पंधरा अंशांच्या आत. टोक लावलं तर मुळावर चरे पडतात. दाबायचं नाही, दाबलं की टिपेची कंपनं कमी होतात आणि दगड निघायचा थांबतो, म्हणून ज्युनियर आणखी दाबतो. हे चक्र दिसलं की तुमचा हात त्याच्या हाताखाली नेऊन वजन कमी करा आणि म्हणा, "टिप दातावरून तरंगत जाऊ दे, सतत हलती ठेव." पाण्याचा फवारा टिपेच्या टोकाभोवती धुक्यासारखा दिसला पाहिजे, थेंब थेंब पडत असेल तर दात तापतो आणि रुग्ण कळवळतो. रुग्णाला पेसमेकर असेल तर स्केलर चालू करण्याआधी स्टाफला विचारायचं.

पहिल्या रुग्णावर पूर्ण तोंड देऊ नका. खालच्या पुढच्या सहा दातांची जिभेकडची बाजू द्या. तिथे दगड हमखास असतो, निघालेला डोळ्यांना दिसतो आणि हाताला पटतं. वरच्या दाढांची टाळ्याकडची बाजू नंतर, मिररमध्ये बघून काम जमल्यावर.

खालच्या जबड्याचा ब्लॉक

इन्फिरियर अल्व्हिओलर ब्लॉक, म्हणजे खालच्या जबड्याच्या नसेजवळ दिलेली भूल, ज्युनियरला सर्वांत जास्त घाबरवतो, म्हणून इथे थोडं थांबू. तो देताना स्टाफ हॉलमध्ये हजर असला पाहिजे आणि त्यांना आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

आधी हिशेब करून घ्या. लिग्नोकेन हे भुलीचं औषध २ टक्के म्हणजे एका मिलीत २० मिग्रॅ. ॲड्रेनलीनसह प्रौढांसाठी कमाल ७ मिग्रॅ प्रति किलो, एकूण ५०० मिग्रॅच्या आत. लहान मुलांत ४.४ मिग्रॅ प्रति किलो धरतात. पंधरा किलोच्या मुलाला ६६ मिग्रॅ, म्हणजे फक्त ३.३ मिली. दोन मिलीच्या दोन भरलेल्या सिरिंज ही मर्यादा ओलांडतात. हे उदाहरण ज्युनियरकडून कागदावर सोडवून घ्या. तोंडी सांगितलेलं राहत नाही.

ब्लॉकसाठी साधारण दीड मिली, जिभेच्या नसेसाठी अर्धा मिली, गालाच्या बाजूला पाव ते अर्धा मिली. सुई दीड इंची, म्हणजे सुमारे ३८ मिमी. एक इंची सुई मुळापर्यंत आत जाते आणि मोडली तर पकडायला काही उरत नाही. उजव्या हाताच्या विद्यार्थ्याने उजव्या बाजूच्या ब्लॉकला आठवर आणि डाव्या बाजूला दहावर उभं राहायचं.

सिरिंजला टोपण असतानाच ज्युनियरकडून खुणा शोधून घ्या. अंगठा गालाच्या आत, शेवटच्या दाढेमागच्या हाडाच्या खोबणीत. मग टाळ्याकडून खाली येणारी उभी वळी. या दोहोंमधला, वळीला लागून असलेला खळगा ही टोचायची जागा, खालच्या दातांच्या चावायच्या पातळीपासून ६ ते १० मिमी वर. सिरिंज येते ती विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवरून (सुळा आणि दाढा यांच्यामधल्या दातांवरून). सुई २० ते २५ मिमी आत गेली की हाड लागतं. लागल्यावर एक मिमी मागे, दट्ट्या किंचित ओढून रक्त येत नाही ना बघायचं, मग एका मिलीला एक मिनिट या संथ गतीने सोडायचं. नवशिक्या नेहमी घाई करतो, म्हणून सेकंद तुम्ही मोजा, हळू आवाजात.

हाड लगेच, अर्धी सुईही आत जायच्या आधी लागलं, तर टोक फार पुढे आहे. थोडं मागे घेऊन सिरिंज पुढच्या दातांकडे आणायची, सुई आणखी आत न्यायची, मग सिरिंज पुन्हा प्रीमोलरवर. हाड लागलंच नाही तर टोक फार मागे आहे. तिथे औषध सोडायचं नाही. लाळग्रंथीत गेलं तर त्या बाजूचा चेहरा काही तास लुळा पडतो आणि डोळा मिटत नाही. सुई मागे घेऊन सिरिंज विरुद्ध बाजूला आणखी मागे, दाढांवर न्यायची आणि मग पुन्हा आत. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा प्रयत्न सीनियरनेही करायचा नाही, स्टाफला बोलवायचं.

तीन ते पाच मिनिटांत खालचा ओठ जड होतो. "बधिर झालं का?" विचारलं की रुग्ण हो म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंचा ओठ प्रोबने (तपासायच्या बारीक सळईने) हलकेच टोचून "दोन्हीकडे सारखं लागतं का?" असं विचारायचं. फक्त जीभ बधिर आणि ओठ नाही, तर औषध खाली पडलं आहे. रुग्ण पांढरा पडला, घाम आला, तर आधी चेअर आडवी, पाय वर, तोंडातलं सगळं बाहेर, आणि स्टाफला हाक.

रिकाम्या सुईला टोपण दोन हातांनी लावू नका. टोपण ट्रेवर ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवायची. सीनियर दोन हातांनी लावताना दिसला की ज्युनियर तेच करतो, मग तुम्ही तोंडाने काहीही सांगा. सुई टोचलीच तर वाहत्या पाण्यात साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, चोखायचं नाही, स्टाफला लगेच सांगायचं आणि रुग्णाला जाऊ द्यायचं नाही, त्याचीही तपासणी लागते. एचआयव्ही प्रतिबंधाचं औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. ज्युनियर भीतीने लपवतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, की टोचलं तर ओरडा पडणार नाही, लपवलं तर मात्र खरा धोका आहे.

इम्प्रेशन

अल्जिनेट, म्हणजे छाप घ्यायची पावडर, याबद्दल दोनच गोष्टी वारंवार बिघडतात. पाणी गरम असतं, आणि ट्रे चुकीच्या बाजूने बसवला जातो. नागपूर-चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी इतकं तापतं की मिश्रण वाडग्यातच घट्ट होतं. पाणी माठातलं किंवा फ्रिजमधलं मिसळून वीस अंशांच्या आसपास आणा. पावडर-पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच घ्यायचं, अंदाजाने सैल करायचं नाही. वरचा ट्रे आधी मागून टेकवायचा, मग पुढे, म्हणजे जास्तीचा माल घशाकडे न जाता पुढे येतो. रुग्णाला उभं बसवून मान पुढे, श्वास नाकाने, आणि त्याला पायाची बोटं हलवायला सांगा, लक्ष तिकडे जातं. काढताना एका झटक्यात. धुऊन, निर्जंतुक करून, ओल्या गॉजमध्ये ठेवून लवकर ओतायचं. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उघडं राहिलं की आकसतं आणि डेंचर (कवळी) बसत नाही. त्याचा दोष मग प्लास्टरला दिला जातो.

हात कधी घालायचा

शिकवणाऱ्याचा सर्वांत अवघड भाग म्हणजे स्वतःचे हात मांडीवर ठेवणं. ज्युनियर हळू आहे म्हणून उपकरण हातातून घेऊ नका. रुग्णाला दुखतंय, रक्त अपेक्षेपेक्षा जास्त आहे, उपकरण घसरतंय, किंवा ठरवलेली वेळ संपली, या चारच कारणांसाठी घ्या. स्केलिंगच्या एका भागाला वीस मिनिटं, ही वेळ आधी सांगून ठेवा.

रुग्णासमोर "अरे, चुकलं!" म्हणायचं नाही. दोन वाक्यं आधी ठरवा. "लाइट जरा बघू" म्हणजे उपकरण लगेच बाहेर, हात थांबवा. "सरांना एकदा दाखवू" म्हणजे मी बोलावतोय, तू काहीच करू नकोस. ही वाक्यं रुग्णाला साधी वाटतात. ज्युनियरलाही ती वापरायची मुभा द्या. त्याला भीती वाटली तर त्याने "लाइट बघू" म्हणावं आणि तुम्ही प्रश्न न विचारता पुढे यावं. एकमेकांना रुग्णासमोर "डॉक्टर" म्हणा. दादा-ताई चेअरपासून लांब गेल्यावर.

नंतरची पाच मिनिटं

सांगायचं ते त्याच दिवशी, हात धुऊन झाल्यावर, बाजूला घेऊन. आधी त्याला विचारा: काय जमलं, कुठे अडलं, उद्या काय वेगळं करशील? मग तुम्ही एकच गोष्ट सांगा, दिसलेली. "तुझा आत्मविश्वास कमी आहे" हे सांगून त्याला काही करता येत नाही. "डाव्या बाजूला गेल्यावर तुझं अनामिकेचं बोट दातावरून उचललं गेलं, तेव्हाच टिप हिरडीत घुसली" यावर त्याला उद्या काम करता येतं. सात चुका दिसल्या तरी सांगायची ती एकच, ज्यामुळे रुग्णाला दुखलं ती.

सीनियरनेही पोस्टिंग सुरू होण्याआधी विभागाच्या स्टाफसमोर एकदा आपली पद्धत करून दाखवावी. दोन सीनियर दोन वेगळ्या खुणा सांगतात आणि व्हायव्हामध्ये (तोंडी परीक्षेत) ज्युनियर अडकतो, असं सगळीकडे होतं. विभागाची जी पद्धत असेल तीच शिकवा, तुम्हाला दुसरी सोपी वाटत असली तरी.

एक साधी शंभर पानी वही ठेवा. प्रत्येक रुग्णामागे चार ओळी: तारीख, काम, कितव्या फेरीवर आहे, आणि सांगितलेली ती एक गोष्ट. रुग्णाचं नाव किंवा ओपीडी क्रमांक त्यात लिहायचा नाही. पोस्टिंग संपल्यावर वही ज्युनियर पुढच्या विभागातल्या सीनियरकडे घेऊन जातो. पेरिओमधून (हिरड्यांच्या विभागातून) ओरल सर्जरीत गेलेल्या मुलीचं बोट डाव्या बाजूला सुटतं हे तिथल्या इंटर्नला पहिल्याच दिवशी कळलं, तर तो तिला पहिला ब्लॉक उजव्या बाजूचा करायला देईल.